सहावी चिंधी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत दोर होता. जुन्या पादरा रोडकडच्या एका बंगल्यात सोनमोहराची फांदी उतरवणं चाललं होतं. वर आमचा कामगार रमणभाई करवत चालवत होता आणि फांदी कौलांवर न पडता अंगणात यावी म्हणून दोराचा वेढा बुंध्याला घालून, टोक धरून मी खाली उभा होतो. खिशातला फोन वाजला. थांबला, परत वाजला. असं चार वेळा झालं. फांदी अधांतरी असताना दोर सोडता येत नाही... फांदी जमिनीला टेकली, मी हात पुसले आणि फोन लावला. नलूवहिनी म्हणाल्या, "सुधीर, हे गेले रे. बूट घालायला खुर्चीत बसले, ते तसेच." एक बूट पायात होता म्हणे.

त्यानंतर माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला तीन आठवडे लागले आहेत. दुःख आलं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या नंबरावर. आधी आलं ते असं : आता तरी लोक मला विचारतील.

आम्ही दोघं मांडवीजवळच्या एकाच गल्लीत वाढलो. त्याचे वडील रेल्वेत फिटर, माझे कचेरीत कारकून. शाळेत बाक एक. तो दहावीत दोनदा नापास झाला, मी वनस्पतीशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. तरी शेवटी सावली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एकाच कारखान्यात दोघांना नोकरी लागली, तो मशीनवर आणि मी स्टोअरमध्ये. तो कारखाना बंद पडला तेव्हा आम्ही पस्तिशीला टेकलो होतो. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी एक वावाझोडं आलं. आम्ही बडोद्याची मराठी माणसं वादळाला वादळ म्हणत नाही, वावाझोडंच म्हणतो. गल्लीच्या तोंडाशी एक जुना कडुलिंब शेजाऱ्यांच्या छपरावर आडवा झाला. सगळे बघत उभे होते आणि वसंता एक दोर नि हातकरवत घेऊन वर चढला. दुपारपर्यंत त्याने ते झाड तुकड्यातुकड्याने खाली आणलं. एक कौल फुटलं नाही. माझी आई ओट्यावरून म्हणाली, "वश्याच्या हातात काय आहे बघ!" मी खाली पाला गोळा करत होतो. माझ्याही हातात काहीतरी होतं, पण तो पाला होता.

तिथून धंदा सुरू झाला. बडोद्यात बंगल्यागणिक झाडं, आणि मे उजाडला की घरवाल्यांच्या पोटात गोळा. पाऊस यायच्या आधी जे वारे सुटतात त्यात कुठली फांदी कुणाच्या गाडीवर येईल, वायरीवर येईल, सांगता येत नाही. मग बोलावणं. पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "तुझंच नाव घालू." मला वाटलं होतं तो म्हणेल, छे, दोघांचं घालू. तो म्हणाला, "बरं." आणि चहा प्यायला गेला. त्या 'बरं'चा राग मी वीस वर्षं धरला. त्याच्या मनातही आलं नसेल. पाटीवर कुणाचं नाव आहे हे त्याने कधी वर मान करून वाचलं असेल असं मला वाटत नाही.

त्याची काम करायची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कामाच्या आदल्या दिवशी तो झाड बघायला जायचा. बुंध्याभोवती दोन फेऱ्या मारायचा, मग शिडी लावून एकेका फांदीवर कोयत्याच्या मुठीने ठोकायचा आणि कान द्यायचा. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, आतून कुजलेल्याचा वेगळा. जी फांदी काढायची तिच्या मुळाशी एक चिंधी बांधायचा. चिंध्या नलूवहिनींच्या जुन्या साड्यांच्या. नियम एकच, आणि तो त्याने रमणभाईपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलेला : चिंधी सुटेल ती फांदी खाली आल्यावरच. संध्याकाळी चिंध्या गोळा होऊन त्याच्याकडे परत जायच्या, वहिनी त्या धुवायच्या आणि गॅलरीतल्या दोरीवर वाळत घालायच्या. गल्लीतले लोक दोरीकडे बघून ओळखायचे की आज वसंताला काम होतं.

चिंधी नाही त्या फांदीला तो हात लावू द्यायचा नाही. घरवाले म्हणायचे, "भाई, उपरथी बधुं साफ करी नाखो ने." म्हणजे शेंडाच उडवा, कटकट नको. हा म्हणायचा, "शेंडा उडवला तर झाड घाबरून दहा फांद्या काढेल, सगळ्या कच्च्या. मग दोन वर्षांनी मला बोलावू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा." लोक हसायचे आणि ऐकायचे. तेच मी, झाडाच्या लॅटिन नावासकट, नीट समजावून सांगितलं की म्हणायचे, "हां हां... पण वसंतभाई शुं कहे छे?"

वसंतभाई काय म्हणतात! हे वाक्य मी किती बंगल्यांच्या फाटकात ऐकलं असेल. फोन मी घ्यायचो, वेळ मी ठरवायचो, महानगरपालिकेत अर्ज घेऊन मी उभा राहायचो, आणि फाटक उघडलं की माझ्या खांद्यावरून मागे बघत लोक विचारायचे, "वसंतभाई नथी आव्या?" आले नाहीत का? बरं, बाहेरचे सोडा. आमच्या परसातला शेवगा वाकला तेव्हा मी शिडी लावली, तर माझी सख्खी आई म्हणाली, "तू राहू दे रे, उगाच पडशील. वश्याला बोलव." तो आला. तिने त्याला आधी पोहे दिले. मला म्हणाली, "शिडी धर."

शिडी धरली. आयुष्यभर धरली असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. मधे एकदा मीच शिडीवर चढलो. तेच सांगायचं आहे.

पाच वर्षांपूर्वीचा मे महिना. भानुबेन नावाच्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, त्यांच्या अंगणात एक मोठा गुलमोहर. त्याची एक लांब आडवी फांदी थेट हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, आलेली. भानुबेनचा सगळा दिवस त्या हिंचक्यावर. भाजी निवडणं तिथे, छापं म्हणजे पेपर तिथे, दुपारची डुलकी तिथे. वसंता आदल्या दिवशी झाड बघून आला आणि म्हणाला, "सहा बांधल्या. हिंचक्यावरची पहिली काढ. बाहेरून फुलं आहेत, आतून भुसा झालाय." दुसऱ्या दिवशी पहाटे करजणहून निरोप आला, त्याचे मेहुणे वारले. तो निघाला आणि जाताना म्हणाला, "सुध्या, तू आहेस ना, मग झालं."

मी नि रमणभाई गेलो. फाटकात भानुबेन उभ्या. मी वाटच बघत होतो, आणि आलंच, "वसंतभाई नथी आव्या?" मी कारण सांगितलं. त्या चुकचुकल्या. मग मला हिंचक्यापाशी घेऊन गेल्या. वर बघत म्हणाल्या, ही फांदी काढली तर मी बसू कुठे? केवढी फुललीय बघा. उन्हाळ्यात एवढीच तर सावली मला. वसंतभाईंना काल म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. आणि मग त्यांनी माझ्याकडे, नीट माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तमे तो भणेला माणस छो, सुधीरभाई. तमने शुं लागे छे?"

तुम्ही तर शिकलेले आहात. तुम्हाला काय वाटतं?

सतरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वाचणाऱ्याला हे हास्यास्पद वाटेल, पण तेवढ्यावर मी तयार झालो. मी शिडी लावली, वर गेलो. फांदीवर दोन थापट्या मारल्या, वसंतासारख्या. काय ऐकू आलं? खरं सांगायचं तर मला कधीच काही ऐकू यायचं नाही. भरीव नि पोकळ हा फरक मला वीस वर्षांत जमला नाही, आणि जमत नाही हे मी कुणाला कळू दिलं नाही. वरून मी भानुबेनना म्हटलं, "सारीच वाटते. राहू द्या." सारी म्हणजे चांगली. आणि चिंधी सोडली. हिरवी बांधणीची होती, पांढऱ्या ठिपक्यांची. खिशात घातली. त्या एवढ्या खूश झाल्या की खाली उतरल्यावर मला त्यांनी हिंचक्यावर बसवून आमरस दिला. रमणभाई मागच्या बाजूच्या फांद्या उतरवत होता, त्याला पत्ता नाही. मी त्या फांदीखाली बसून वाटीभर रस खाल्ला, आणि अगदी मनापासून सांगतो, आयुष्यात तसा रस मी खाल्लेला नाही.

वसंता तीन दिवसांनी परत आला. मी चिंध्या दिल्या. त्याने त्या बोटांवर घेतल्या आणि म्हणाला, "पाच आहेत." मी म्हटलं, "पाल्याबरोबर गेली असेल एखादी." कधीमधी जायची तशी. "सगळ्या उतरवल्या ना? हिंचक्यावरची?" मी म्हटलं, "हो रे बाबा." तो म्हणाला, "मग ठीक."

आठवड्याभरात वारं सुटलं. दुपारी चारच्या सुमाराला आभाळ एकदम पिवळं झालं, धूळ उठली. भानुबेन हिंचक्यावरच्या गाद्या आत घ्यायला बाहेर आल्या आणि फांदी आली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं. जीव वाचला, तो हिंचक्याच्या लोखंडी दांडीने फांदीचा निम्मा भार घेतला म्हणून.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं होतं. सोसायटीतले पंधरावीस जण अंगणात उभे. फांदी आडवी पडलेली, फुलांसकट, आणि जिथून तुटली तिथे आत तांबूस भुसा. वसंता तिच्याजवळ उकिडवा बसला. फांदीच्या मुळाशी साल जराशी घासल्याचा पट्टा होता, चिंधी ताणून बांधली की पडतो तसा. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी नजर काढून रमणभाईकडे बघू लागलो, जणू काही त्याला विचारायचंय. कुणीतरी मागून म्हणालं, "वसंतभाई, तमे तो जोई गया'ता ने? आवडी मोटी डाळ ना देखाई?" बघून गेला होतात ना, एवढी मोठी फांदी दिसली नाही?

त्या क्षणी मला बोलायचं होतं असं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. मी गप्प होतो, आणि तो काय बोलतो याची वाट बघत होतो. तो उठला, हात झटकले आणि म्हणाला, "नजर चूकी गई. मारी भूल."

माझी चूक. एवढंच. कुणाकडे बघून नाही, रडून नाही. आणि मला काय वाटलं असेल? सुटल्यासारखं वाटलं, ते वाटणारच. पण त्याखाली, अगदी त्याच क्षणी, मला त्याचा हेवा वाटला. मनात आलं, हेसुद्धा यालाच जमावं! फांदीवर चढणं त्याला जमतं, ठोकून ऐकणं जमतं, आणि दुसऱ्याचं पाप असं धूळ झटकल्यासारखं अंगावर घेणंही जमतं. माझ्या वाट्याला चूकसुद्धा आली नाही, तीही त्याच्याच नावावर गेली.

त्या सोसायटीने पुढे क्रेनवाल्यांना काम दिलं. आणखी दोन सोसायट्या गेल्या. मांडवीतल्या चहाच्या टपरीवर लोक म्हणायला लागले, वसंताची नजर गेली आता. त्याने त्या गुलमोहराची फाटलेली जखम स्वतः वर चढून नीट तासून दिली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. माझ्याशी त्या विषयावर एक अक्षर नाही. टोमणा नाही. मी टोमण्याची वाट बघायचो, टोमणा आला असता तर भांडता आलं असतं! उलट तो झाड बघायला जाताना मला बरोबर नेऊ लागला. ठोकायचा आणि विचारायचा, "तुला काय वाटतं?" ज्या प्रश्नासाठी मी तडफडलो तो रोज मिळायला लागला. त्यात विश्वास होता की शिक्षा होती, मला आजही माहीत नाही. मी म्हणायचो, "तू म्हणशील ते." मग तो चिंधी बांधायचा.

या वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत मी गेल्या दोनतीन वर्षांत झाडांवर काही लेख लिहिले. वाचकांनी कौतुक केलं. फांदी आधी खालून थोडी का कापायची, बुंध्याजवळची फुगीर कडी का ठेवायची, हे सगळं वसंताचं. नाव मी एकाही लेखात घातलं नाही. तो कात्रणं काढून ठेवायचा. वहिनी सांगत होत्या, एका डब्यात आहेत.

बेसणं झालं. गुजराती रिवाज, पण बडोद्यातल्या आम्हा मराठी घरांतूनही आता पाळतात. पांढऱ्या चादरी, फोटो, येणाऱ्याने दोन मिनिटं बसायचं नि हात जोडून उठायचं. मी वहिनींच्या शेजारी. भानुबेन आल्या, काठी टेकत. बसता येत नाही म्हणून त्यांना खुर्ची दिली. फोटोकडे बघत त्या म्हणाल्या, "आखी जिंदगीमां एक ज भूल करी एमणे, ने ए पण मारे त्यां." सबंध आयुष्यात एकच चूक केली, तीही माझ्याकडे. बसलेल्या माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, "माणस छे, भूल तो थाय." वहिनींनी पदर तोंडाला लावला. आणि मी... मी हात जोडून बसलो होतो. पुन्हा.

घरी येऊन कपाट उघडलं. ती हिरवी चिंधी मी टाकली नव्हती. का ठेवली होती माहीत नाही. टाकायची तर कुठे टाकायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी हातात घेतली आणि लगेच म्हणाल्या, "ही माझी बांधणी. तुझ्याकडे कशी?" मी सांगितलं. सगळं, आमरसासकट. त्यांनी चिंधी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "मी बोलले रे त्यांना. वर्षभर बोलले. म्हटलं, डोळे तपासा, एका बाईचा पाय घालवलात. धरून नेलं डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाला, नंबर नाही. तरी मी मागे लागले म्हणून चष्मा केला त्यांनी. साध्या काचेचा. माझ्यासाठी घालायचे." फळीवर तो चष्मा होता. त्याला चष्म्यात बघून मी मनातल्या मनात सुखावायचो, म्हातारा झाला म्हणून... हेही लिहून टाकतो.

मी म्हटलं, "वहिनी, काहीतरी बोला."

"भानुबेनना सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग इथे काय करतोयस? आधी तिकडे जा." मी दारात पोचलो तेव्हा मागून म्हणाल्या, "आणि लिहितोस ना तू पेपरात? झाडांचं लिहितोस. मग हे लिही. टपरीवर बोलणाऱ्यांना मी कुठे शोधत फिरू?"

भानुबेन हिंचक्यावरच होत्या. नवा हिंचका, आता व्हरांड्यात, छताखाली. तिथून गुलमोहर दिसतो. वसंताने तासलेल्या जागेभोवती साल आत वळत आली आहे, ताटलीएवढी जखम आता वाटीएवढी राहिली आहे. मी उभ्यानेच सांगितलं. मला वाटलं काठी उगारतील. उगारली असती तर बरं झालं असतं. त्या झाडाकडे बघत हळूच म्हणाल्या, "तो वसंतभाईनी भूल नहोती..." म्हणजे वसंतभाईंची चूक नव्हती तर. चेहरा असा उजळला, जणू हरवलेलं माणूस सापडलं. "मने थतुं ज हतुं," त्या म्हणाल्या, मला वाटायचंच. मग डोळे पुसले, आणि परत तेच म्हणाल्या. त्यांचा पाय, माझा खोटेपणा, यातलं काही त्यांच्या तोंडी आलं नाही. मला शिवी द्यायलासुद्धा त्यांना सवड नव्हती. मी तिथेच उभा होतो, आणि त्या वसंताला भेटत होत्या.

फाटकाबाहेर आलो तेव्हा तेच जुनं मनात आलं. मेला, जळला, तरी हा माझ्या पुढेच! पण या वेळी हेव्याखाली आणखी एक गोष्ट होती. बेसण्यात मला न आलेलं रडू मला तिथे, रस्त्यावर, स्कूटरला टेकून आलं.

तर, ज्यांनी वसंताची नजर गेली असं म्हटलं, ऐकलं, पुढे सांगितलं, त्या सर्वांना मी कळवतो की त्याची नजर कधीच चुकली नाही. त्याने सहा चिंध्या बांधल्या होत्या. सहावी मी सोडली.

काल संध्याकाळी त्याच्या गल्लीतून गेलो. वर जायचं धाडस झालं नाही, वहिनींनी बोलावलंही नाही. खालूनच गॅलरीकडे बघितलं. त्याच्या पिशवीतल्या चिंध्या धुऊन दोरीवर घातलेल्या होत्या, वेगवेगळ्या रंगांच्या, एकीला एक लागून. टोकाला हिरवी. तिला चिमटा जरा जास्त घट्ट लावलेला होता. समोरच्या ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ वर बघत मला म्हणाले, "काय, आज वसंताला काम होतं वाटतं?" मग त्यांचं त्यांनाच आठवलं.

मी म्हटलं, "हो, काका. होतं."